यंत्रांची सरशी आणि मनुष्याचा हात

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत धर्मग्रामस्थांपुढे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या चालकांनी मजवर जो विषय सोपवला तो धर्मगुरूच्या नेहमीच्या विषयांपैकी नव्हे. यंत्रे मनुष्याला मागे टाकू लागली आहेत, तेव्हा आता मनुष्याचे काय होणार ह्यावर बोला, असे त्यांनी मला सांगितले. सांगणारे बहुतेक तरुण आहेत व त्यांतील कित्येक संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे आहेत. त्यांच्या विनंतीत कुतूहल किती व धास्ती किती हे मी त्यांना विचारले नाही. परंतु गेली दोन-तीन वर्षे घरभेटीस गेलो असता, मुलाने कोणते शिक्षण घ्यावे म्हणजे यंत्र त्याची भाकर हिरावून घेणार नाही, हा प्रश्न आईबापांनी मला इतक्या वेळा केला आहे की, हा विषय माझा नव्हे असे म्हणून त्यातून अंग काढून घेणे मला आता शोभणार नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'रोबो' हा शब्द आज लहान मुलांच्याही तोंडी आहे; तथापि त्याचे वय शंभर वर्षांहून फारसे अधिक नाही. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने 1920 साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले व ते 1921 च्या जानेवारीत रंगभूमीवर आले. त्यात कारखान्यात तयार केलेले, माणसासारखे दिसणारे मजूर आहेत. त्यांना नाव काय द्यावे ह्या विवंचनेत लेखक असता त्याचा चित्रकार भाऊ योसेफ ह्याने 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने करावयाची सक्तीची मजुरी. आपल्या भाषेत ह्यास वेठ असा नेमका शब्द आहे. म्हणजे रोबो ह्याचा मूळ अर्थ 'वेठीस धरलेला' असाच होतो. त्याहीपूर्वी, सुमारे तेवीसशे वर्षांमागे, ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथात असा विचार मांडला आहे की, मागावरचा धोटा जर आपण होऊन विणू लागला तर मालकाला गुलाम बाळगण्याचे कारण उरणार नाही. सेमिनरीत हा ग्रंथ शिकताना आम्हा विद्यार्थ्यांना ही कल्पना गमतीची वाटे. आज तो धोटा आपोआप चालतो आहे. 2023 च्या अखेरीस जगातील कारखान्यांत 42 लाखांहून अधिक यंत्रमानव कामास लावलेले होते, आणि ह्या प्रकारातील पहिले यंत्र अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात जनरल मोटर्सच्या कारखान्यात 1961 साली कामावर रुजू झाले होते. वेठीचा प्रश्न मात्र सुटला असे म्हणवत नाही. तो कोठे जाऊन बसला आहे हे पुढे पाहू.

यंत्राने मनुष्यास प्रथम कोठे गाठले? आपल्यातील बहुतेकांना वाटेल, ओझी उचलणे, दगड फोडणे, पाणी उपसणे अशा कामांत. बळाच्या बाबतीत ते खरे आहे. पण बळात बैलही माणसापेक्षा श्रेष्ठ आहे व त्याबद्दल बैलाचा मत्सर कोणी केला नाही. खरी धास्ती बसली ती बुद्धीच्या कामात. 1996 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी बुद्धिबळाचा जगज्जेता गारी कास्पारोव्ह आणि आयबीएम कंपनीचे 'डीप ब्लू' हे यंत्र ह्यांचा सामना झाला. कास्पारोव्हने तो 4–2 असा जिंकला. पुढल्याच वर्षी, 1997 च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क येथे सुधारलेल्या यंत्राने त्यास साडेतीन–अडीच असे हरवले. हे यंत्र एका सेकंदात पटावरील सुमारे 20 कोटी स्थिती तपासून पाहत असे. त्यात प्रतिभा नव्हती. होता तो अफाट वेगाने चालणारा हिशेब. म्हणून पुष्कळ जाणत्यांनी आपले समाधान करून घेतले की, जो खेळ केवळ हिशेबाने जिंकता येत नाही, तेथे यंत्राची डाळ शिजणार नाही.

असा खेळ पूर्वेकडे होता. चीन, कोरिया व जपान ह्या देशांत 'गो' नावाचा एक प्राचीन खेळ खेळतात. उभ्या एकोणीस व आडव्या एकोणीस रेघांच्या पटावर काळ्या व पांढऱ्या सोंगट्या मांडून अधिक जागा वेढावयाची, एवढाच त्याचा नियम. परंतु त्यात संभवणाऱ्या स्थितींची संख्या साऱ्या दृश्य विश्वातील अणूंच्या संख्येपेक्षाही मोठी आहे. तेव्हा सर्व शक्यता तपासून खेळणे कोणत्याही यंत्रास साध्य नाही. खेळाडू 'येथे ठीक दिसते' अशा जाणिवेने खेळतो. 2016 च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल येथे, ली सेडॉल हा त्या देशाचा श्रेष्ठ खेळाडू व लंडनच्या डीपमाइंड कंपनीचे 'अल्फागो' ह्यांत पाच डाव झाले. दुसऱ्या डावात यंत्राने आपली सदतिसावी सोंगटी अशा ठिकाणी ठेवली की, सामन्याचे वर्णन करणाऱ्या उस्तादांना ती प्रथम चूकच वाटली. त्या ठिकाणी मनुष्य खेळाडू सोंगटी ठेवण्याचा संभव यंत्राच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे दहा हजारांत एक होता. त्या एका सोंगटीने डावाचा रंग पालटला. चौथ्या डावात ली ह्याने अठ्ठ्याहत्तराव्या खेळीत तसाच अघटित प्रकार करून यंत्रास गोंधळात पाडले व तो डाव जिंकला. बाकीचे चारही यंत्राने घेतले. 2017 साली त्याच कंपनीने ह्या यंत्राची नवी आवृत्ती काढली. तिला मनुष्यांचे जुने डाव दाखवलेच नव्हते. केवळ नियम सांगितले होते. ती स्वतःशीच खेळत राहिली, आणि तीन दिवसांच्या सरावानंतर लीला हरवणाऱ्या आवृत्तीशी शंभर डाव खेळून तिने शंभरच्या शंभर जिंकले. 2019 साली ली सेडॉलने स्पर्धांतून निवृत्ती पत्करली. आता ज्यास हरवता येणार नाही असे काही तरी आहे, हे एक कारण त्याने सांगितले. आयुष्यभराच्या साधनेचे हे काय झाले, असे त्या गृहस्थास वाटले असल्यास त्यात नवल नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात करुणा आहे.

परंतु त्या सामन्याची चित्रे पाहताना माझे लक्ष एका निराळ्याच मनुष्याकडे गेले. ली सेडॉलच्या समोर, यंत्राच्या जागी, एक गृहस्थ शांतपणे बसलेले दिसतात. त्यांचे नाव आजा हुआंग. ते ह्या यंत्राच्या कर्त्यांपैकी एक. संगणकाच्या पडद्यावर यंत्राची खेळी उमटली की वाटीतून सोंगटी उचलावयाची व दाखवलेल्या जागी नीट ठेवावयाची, एवढे त्यांचे काम. जगातील श्रेष्ठ खेळाडूस नमवणाऱ्या ह्या बुद्धीला सोंगटी मांडण्यासाठी माणसाचा हात उसना घ्यावा लागला! यंत्राचा हात बनवणे अशक्य होते असे मी म्हणत नाही. पण ती निराळीच खटपट झाली असती, आणि मनुष्याचा हात आयता मिळत होता. माझे आजचे सारे भाषण ह्या एका गोष्टीभोवती आहे.

हाताचे काम यंत्राला किती जड जाते ह्याची दोन-चार उदाहरणे देतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. 2010 साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एका यंत्रमानवास टॉवेलच्या घड्या घालावयास शिकवले. ढिगात पडलेला टॉवेल उचलावयाचा, त्याचे कोपरे शोधावयाचे, घडी घालून बाजूस ठेवावयाचा. यंत्राने काम बिनचूक केले; एका टॉवेलास सरासरी सुमारे 25 मिनिटे लागली. येथे बसलेल्या माताभगिनी हसल्या ते ठीकच आहे. परंतु त्या काळी हा मोठा पराक्रम मानला गेला व तो खरोखरच तसा होता. त्यानंतर ह्या विद्येत पुष्कळ प्रगती झाली आहे व यंत्रे आता कपडे बरेच लवकर हाताळू लागली आहेत. तरी विचार करा: बुद्धिबळाचा जगज्जेता हरून तेरा वर्षे होऊन गेल्यावर ही स्थिती होती.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. 2011 साली भूकंप व समुद्राच्या प्रचंड लाटा ह्यांनी जपानमधील फुकुशिमा येथील अणुवीज केंद्रात अनर्थ झाला. किरणोत्सर्गामुळे आत मनुष्य पाठवणे जिवावरचे होते, आणि दार उघडून, जिना चढून, एखादी झडप फिरवून येईल असा यंत्रमानव जगात कोणापाशी नव्हता. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने एक मोठी स्पर्धा ठेवली. तिची अंतिम फेरी 2015 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पोमोना येथे झाली. मोटार चालवणे, मोटारीतून उतरणे, दार उघडणे, झडप फिरवणे, भिंतीस भोक पाडणे, राडारोड्यातून वाट काढणे, जिना चढणे अशी आठ कामे एका तासाच्या आत करावयाची होती. जगातील नामांकित विद्यापीठांची यंत्रे दाराची मूठ धरता धरता, मोटारीतून पाय खाली ठेवता ठेवता, धाडकन कोसळली. दक्षिण कोरियाच्या एका संस्थेचे यंत्र 44 मिनिटे 28 सेकंदांत सर्व कामे करून पहिले आले व त्याच्या कर्त्यांना 20 लाख डॉलर मिळाले. ह्या यंत्राच्या गुडघ्यांना चाके होती. तोल जाण्याचे भय दिसले की ते गुडघे टेकून सरकत जाई. गुडघे टेकणाऱ्याला बक्षीस मिळाले हे ऐकून एखाद्या धर्मगुरूस संतोष वाटला, तर आपण त्यास क्षमा कराल.

तिसरी गोष्ट वाईट आहे. 2022 च्या जुलैत मॉस्को येथे बुद्धिबळ खेळणाऱ्या एका यंत्राशी सात वर्षांचा मुलगा खेळत होता. ह्या यंत्राला स्वतःचा हात होता. मुलाने घाई करून आपली सोंगटी पुढे केली. यंत्राच्या चिमट्यात त्याचे बोट सापडले व त्याचे हाड मोडले. यंत्र दुष्ट नव्हते. आपण सोंगटी धरली आहे की बालकाचे बोट, हे त्याला कळत नव्हते, इतकेच.

असे का व्हावे? हान्स मोरावेक नावाच्या यंत्रशास्त्रज्ञाने 1988 साली ह्याचे जे उत्तर दिले ते मला पटते. गणित, बुद्धिबळ, तर्कशास्त्र ही माणसाने अलीकडे कमावलेली कौशल्ये आहेत. ती आपल्याला कठीण जातात म्हणून आपण त्यांना मोठी समजतो. चालणे, पाहणे, पकडणे, स्पर्शाने ओळखणे ही कौशल्ये जीवसृष्टीने कोट्यवधी वर्षांत घडवली आहेत. ती आपल्या शरीरात इतकी खोल मुरली आहेत की, ती कौशल्ये आहेत ह्याचीच आपणास जाणीव नसते. एका हातात 27 हाडे आहेत. पंजा व बोटे ह्यांच्या आतल्या त्वचेत स्पर्श टिपणाऱ्या मज्जातंतूंची संख्या सुमारे 17 हजार भरते. पिकलेले केळे, ओली माती, तापलेले कपाळ, घाबरलेल्या मुलाचे मनगट ही प्रत्येक वस्तू किती जोराने धरावी हे त्या हाताला कोणी शिकवावे लागत नाही. परमेश्वराची करणी म्हणून आपण आकाशातील तारे दाखवतो; आपल्या मनगटापुढे काय आहे, तेही पाहावे.

बुद्धीच्या कामांत यंत्राची मजल ह्यापुढेही गेली आहे, हे सांगितलेच पाहिजे. 2025 च्या जुलैत ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धा झाली. तिच्या प्रश्नपत्रिकेत दोन कंपन्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने 42 पैकी 35 गुण मिळवले. हे गुण सुवर्णपदकाच्या तोडीचे आहेत. पत्रे लिहिणे, भाषांतर करणे, हिशेब तपासणे, संगणकाचा कार्यक्रम रचणे ही कामे यंत्र आज करते व पुष्कळदा चांगली करते. भाकितांविषयी मात्र सावध असावे. ह्याच विद्येतील जेफ्री हिंटन ह्या थोर पंडिताने 2016 साली सांगितले होते की, क्ष-किरणांच्या छायाचित्रांची परीक्षा करणारे नवे डॉक्टर शिकवणे आता बंद करावे; पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र ते काम त्यांच्यापेक्षा चांगले करील. ह्या पंडितास 2024 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही ते डॉक्टर आहेतच, यंत्र त्यांच्या हाताखाली आले आहे, आणि रुग्णास वाईट बातमी सांगण्याचे काम अजून मनुष्याकडेच आहे. पायांच्या शर्यतीचेही सांगून टाकतो. 2025 च्या एप्रिलमध्ये बीजिंग येथे यंत्रमानव माणसांबरोबर 21 किलोमीटर धावले. त्यांतील पहिल्यास 2 तास 40 मिनिटे लागली व वाटेत त्याच्या बॅटऱ्या तीनदा बदलाव्या लागल्या. माणसांतील पहिला 1 तास 2 मिनिटांत पोहोचला. ह्यावरून कोणी छाती फुगवू नये. धावण्यात यंत्राने आपल्याला मागे टाकले तरी काही बिघडत नाही. मोटारीने ते केव्हाच टाकले आहे.

आता हे सारे आपल्या अंगणात आणून पाहू.

आपल्या वडिलधाऱ्यांनी हाताचे काम पाहिले होते. पानमळा, केळीची बाग, फुलांची परडी घेऊन पहाटेची गाडी गाठणे, होडीवरचे जाळे, सुताराचा रंधा. त्यांनी काबाडकष्ट करून मुलांना शिकवले, ते मुलांनी हातात लेखणी धरावी म्हणून. ह्यात गैर काहीच नव्हते. मुंबईच्या कचेऱ्यांत आपली मुले-मुली टंकलेखक झाली, लघुलेखक झाली, बँकेत कारकून झाली, व त्या पगारांवर आपल्यातील पुष्कळांची पक्की घरे उभी राहिली. ह्या देवळाच्या बांधकामासही ते पैसे लागले आहेत. पण त्याबरोबर आमच्या मनात एक शिडी तयार झाली. जो खुर्चीवर बसतो तो वर, जो वाकून काम करतो तो खाली. मुलगा अभ्यास करीनासा झाला की 'मग जा बागेत' असा धाक आपण घालू लागलो. शिक्षा म्हणून ज्याचे नाव घ्यावे असे ते काम ठरले. टंकलेखनाचा धंदा आपल्या डोळ्यांदेखत गेला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने ज्या पायऱ्यांना हात घातला आहे त्या शिडीच्या वरच्या पायऱ्या आहेत. आईबाप मला जे विचारतात त्यात ही धास्ती आहे.

माझे म्हणणे असे की, ती शिडी मुळात चुकीच्या मापाने बांधलेली होती. हाताचे काम स्वस्त होते ते सोपे होते म्हणून नव्हे. हात पुष्कळ होते, आणि त्यांतील बहुतेक गरिबांचे व बायकांचे होते, म्हणून. सोपेपणाचा पुरावा म्हणून आपण ज्या कमी मजुरीकडे बोट दाखवत होतो, तो पुरावा आता टॉवेलाच्या एका घडीने खोटा पाडला आहे. जे काम करण्यास जगातील श्रेष्ठ बुद्धिमंतांना यंत्राकडून इतकी यातायात करवून घ्यावी लागते, ते काम घरी येणारी बाई बोलता बोलता करून टाकते.

ख्रिस्तसभेने हा विचार नव्याने शोधलेला नाही. कारखान्यांच्या पहिल्या लोंढ्यात मजुरांची दैना झाली तेव्हा, 1891 च्या मे महिन्यात, तेरावे लिओ ह्या पोपमहाशयांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. त्यातील एक मुद्दा आजही पुष्कळ मालकांच्या घशाखाली उतरत नाही. मालकाने देऊ केले व मजुराने कबूल केले एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही; कारण पोटासाठी मनुष्य काहीही कबूल करतो. साध्या राहणीच्या कष्टाळू मनुष्याचे पोट तीत भरले पाहिजे. पुढे 1981 साली दुसरे जॉन पॉल ह्यांनी श्रमावर स्वतंत्र परिपत्रक लिहिले. तरुणपणी त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत मजुरी केली होती. त्यांनी दाखवून दिले की, कामाचे मोल ते काम कोणत्या जातीचे आहे ह्यावर प्रथम ठरत नाही, ते करणारा मनुष्य आहे ह्यावर ठरते. 2025 च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहाशयांनी चौदावे लिओ हे नाव का घेतले, ते त्यांनी दोन दिवसांतच कार्डिनलांना सांगितले. तेराव्या लिओंपुढे कारखान्यांचा प्रश्न होता, आपल्यापुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे, असा त्याचा आशय होता. युद्धात माणूस मारावा की नाही हे यंत्राने ठरवू नये, असे त्यांच्या पूर्वीचे पोप फ्रान्सिस ह्यांनी 2024 च्या जूनमध्ये इटलीत सात बड्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांना तोंडावर सांगितले. तो विषय मोठा आहे व त्यासाठी दुसरा दिवस लागेल.

यंत्र नको असे मात्र मी म्हणत नाही. 2015 साली केरळात कोळिकोडे शहरी गटारात उतरलेले दोन कामगार विषारी वायूने गुदमरले, आणि त्यांना वाचवण्यास धावलेला एक रिक्षाचालकही त्यांच्याबरोबर गेला. त्या प्रांतातील काही तरुण इंजिनियरांनी गटाराच्या तोंडाशी उभे राहून आतला गाळ काढणारे 'बँडिकूट' नावाचे यंत्र तयार केले व 2018 साली ते तिरुवनंतपुरम येथे कामास लागले. अशा कामास माणसे लावण्यास आपल्या देशात 2013 च्या कायद्याने मनाई आहे, आणि तरीही माणसे उतरतात व मरतात. येथे यंत्राने माणसाला जितके लवकर मागे टाकावे तितके बरे. टाकत नाही ह्याचे कारण यंत्र दुबळे आहे हे नव्हे. यंत्रास पैसे पडतात व माणूस स्वस्तात मिळतो हे आहे. वेठ कोठे जाऊन बसली आहे असे मी प्रारंभी म्हटले, ते हेच ठिकाण.

आपल्या वसईच्या पट्ट्यातही एक यंत्र येऊन गेलेले आहे, त्याची आठवण येथील वृद्धांना असेल. बागांच्या विहिरींवर पूर्वी रहाट होते. बैल थकला की रहाट थांबे, आणि विहिरीला झिरपण्यास अवधी मिळे. मग तेलाचे इंजिन आले, पुढे विजेचा पंप आला. बैलांचे हाल वाचले, माणसाचे रात्रीचे जागरण वाचले. कोणी तक्रार करावी असे त्यात काही नव्हते. परंतु पंप थकत नाही. बागांसाठी व पुढे टँकरांसाठी किती पाणी उपसावे ह्याचे माप ठेवणारा कोणी उरला नाही, आणि समुद्राकडच्या पुष्कळ विहिरींत मचूळ पाणी आले. पंपाला दोष देऊन काय उपयोग? न थकणाऱ्या यंत्राला केव्हा थांबवावे हे ठरवण्याचे काम बैल आपल्यासाठी करीत असे. ते आपल्याकडे आले व आपण ते केले नाही.

म्हातारपणाच्या शुश्रूषेचेही तसेच होऊ घातले आहे. जपानमध्ये 2024 साली शंभरांत 29 माणसे 65 वर्षांवरची होती. तेथे सरकारने व कंपन्यांनी सेवा करणारी यंत्रे तयार करण्यासाठी फार खटपट केली. 2015 साली अस्वलाच्या चेहऱ्याचे, रुग्णास दोन्ही हातांवर उचलणारे एक यंत्र दाखवण्यात आले. ते नमुन्यापलीकडे गेले नाही. सीलच्या पिलासारखे दिसणारे, कुरवाळले की हालचाल करणारे 'पारो' नावाचे यंत्र मात्र पुष्कळ ठिकाणी गेले, व काही विस्मृतिग्रस्त वृद्धांना त्याने विरंगुळा मिळतो. जेम्स राइट ह्या संशोधकाने एका जपानी वृद्धाश्रमात राहून ह्या यंत्रांचा अभ्यास केला व 2023 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यास असे आढळले की, यंत्र आणणे, बसवणे, पुसणे, ठेवणे, त्यावर लक्ष ठेवणे ह्यात सेविकांचे काम कमी न होता वाढले, व काही काळाने त्यांनी ती वापरणे सोडले. उचलणारे यंत्र उद्या सुधारेल, आणि सेविकेची कंबर वाचत असेल तर ते अवश्य यावे. पण म्हाताऱ्याला कूस बदलून देताना त्याला लाज वाटू नये म्हणून त्याच्याशी जे बोलणे होते ते त्या कामाचाच भाग आहे. ते बोलणे यंत्र करील, गोड आवाजात करील. ऐकणारा कोणी तेथे नसेल.

आपल्या धर्मग्रामात किती घरांत म्हातारी माणसे एकटी आहेत, हे मी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जातो म्हणून मला ठाऊक आहे. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. घर मोठे आहे, टाइल्स चकचकीत आहेत, आणि बिछान्याजवळ ब्यूरोतून आलेली एक बाई आहे, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. ती बहुधा दूरच्या गावची असते. तिची स्वतःची मुले आजीपाशी असतात. तिला सुट्टी केव्हा, असे विचारले म्हणजे घरचे एकमेकांकडे पाहतात. ती जेवते कोठे, निजते कोठे, तिच्या पगारातून ब्यूरो किती कापून घेते, हे पुष्कळ घरांत कोणालाच नक्की सांगता येत नाही. ज्या मुलाने परदेशात बसून यंत्राच्या बुद्धीवर लाखो मिळवले त्याच्या आईचे तोंड धुणारा हात हा आहे. ह्या हाताची जागा घेणारे यंत्र नजीकच्या काळात येण्याचे चिन्ह मला दिसत नाही. मुलाच्या खुर्चीवरचे यंत्र मात्र आलेले आहे.

मुलाने काय शिकावे, ह्या प्रश्नाचे उत्तर मी टाळतो असे आपण म्हणू नये. त्याने गणित शिकावे, संगणक शिकावा. यंत्र अधिक चांगले करते म्हणून माणसाने एखादी विद्या सोडून द्यावी, हे मला मान्य नाही. बुद्धिबळ तर 1997 नंतर जगात पूर्वीपेक्षा अधिक लोक खेळतात. परंतु त्याबरोबर त्याने आजीला उचलून बसवावयास शिकावे, भाजी चिरावयास, कलम बांधावयास, जखम धुवावयास शिकावे. परिचारिकेचा, सुताराचा, विजेचे काम करणाऱ्याचा अभ्यासक्रम घेतो म्हणणाऱ्या मुलाकडे आपण ज्या नजरेने पाहतो ती नजर बदलावी. आणि ज्या घरांत ब्यूरोची बाई आहे, त्या घरांनी तिला आठवड्याची एक पूर्ण सुट्टी, ठरल्या तारखेस पगार, निजण्यास स्वतंत्र जागा व नाताळात किंवा तिच्या सणास घरी जाण्याची मोकळीक द्यावी. हे दान नव्हे, म्हणून ते दानपेटीच्या हिशेबात धरू नये.

हा विषय धर्मग्राम समितीच्या पुढील सभेत घ्यावा असे मी चिटणिसांना कळवले आहे. त्या सभेस अशा बायांपैकी दोघी-तिघींना बोलावून त्यांचे आधी ऐकावे, मग आपण बोलावे. संगणकवाल्या तरुणांना माझी एक विनंती आहे. कोणत्या घरात कोणती बाई आहे, तिची सुट्टी कोणत्या वारी, त्या दिवशी तिच्या जागी आळीतील कोण बसणार, ह्याची नोंद ठेवणारी एखादी सोय त्यांनी आम्हाला करून द्यावी. हे काम यंत्र माझ्यापेक्षा निश्चित चांगले करील. आता ज्यांना शंका विचारावयाच्या असतील त्यांनी विचाराव्यात. पंगत बसण्यास अजून वीस मिनिटे आहेत.